चाकण सोडून हिंजवडी गाठू का?

ताई,
मी मेकॅनिकल इंजिनिअर. गेली पाच वर्षं चाकणमध्ये शीट मेटलचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत डिझाइनला आहे. आम्ही गाड्यांच्या कंपन्यांना ब्रॅकेट आणि पॅनल पुरवतो. सगळा दिवस टूलरूम आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये पळण्यात जातो, शनिवारीसुद्धा. आता हिंजवडीतल्या एका परदेशी कॅड (कॉम्प्युटरवर डिझाइन करायच्या) सॉफ्टवेअर कंपनीची ऑफर आली आहे. शीट मेटलच्याच टीममध्ये, प्रॉडक्ट क्वालिटी इंजिनिअर म्हणून. पगार बराच जास्त आहे. पण मैत्रिणी म्हणतात, क्वालिटी म्हणजे टेस्टिंग, ते दोन वर्षांत एआय खाऊन टाकेल, जायचंच तर डेव्हलपर म्हणून जा. मला कोडिंग जेमतेम येतं. बाबांचं भोसरीत छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक मिलिंग. त्यांचा विरोध नाही, फक्त एकच विचारतात, "तिथे नक्की बनवतात काय?" मला उत्तर देता येत नाही. तिथलं काम प्रत्यक्षात कसं असतं? मी इंजिनिअर राहीन ना? नाहीच जमलं तर परत येता येईल? सोमवारपर्यंत कळवायचं आहे.
– मोशीची एक वाचक

प्रिय मोशीकर,

जा. उत्तर आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला नको. पण हो म्हणण्याआधी एक गोष्ट पक्की करून घे. ती पगाराची नाही. तिच्याकडे येतेच.

आधी बाबांचा प्रश्न, कारण तुझ्या पत्रात सगळ्यात नेमका प्रश्न त्यांनीच विचारलाय. माझी नोकरीची बहुतेक वर्षं याच धंद्यात गेली, आणि "तुमच्याकडे बनवतात काय" याचं सरळ उत्तर देताना मी भलेभले मॅनेजर अडखळताना पाहिलेत. ते लगेच 'सोल्यूशन्स'वर घसरतात. बाबांना असं सांग: गोल रॉड तिरका कापला की छेदावर लंबगोल दिसतो. तो कसा दिसावा हे धातूला कुणी शिकवत नाही. कॉम्प्युटरमध्ये मात्र रॉडही नसतो आणि ब्लेडही नसतं, नुसते आकडे असतात. दोन पृष्ठभाग एकमेकांना कुठे छेदतात, त्या कडेवर फिलेट, म्हणजे गोलाई, बसेल का, कुठली बाजू धातूच्या आतली आणि कुठली बाहेरची, हे सगळं गणिताने ठरवावं लागतं. ते गणित करणारा जो गाभा असतो त्याला इथे कर्नल म्हणतात. पॅरासॉलिड हे त्यातलं एक मोठं नाव, मूळ केंब्रिजचं, आता सीमेन्सच्या मालकीचं. सीमेन्सचं कॅड सॉफ्टवेअर एनएक्स त्यावर चालतं यात नवल नाही, पण प्रतिस्पर्धी फ्रेंच कंपनी दासोचं सॉलिडवर्क्सही त्यावरच चालतं. बाजारात भांडायचं आणि गाभा समोरच्याच दुकानातून घ्यायचा, असा हा धंदा.

हे पॅरासॉलिड एक किलोमीटर लांब-रुंद-उंच खोक्यात काम करतं. त्या अख्ख्या खोक्यात दोन बिंदूंमधलं अंतर मायक्रॉनच्या शंभराव्या भागापेक्षा कमी भरलं, तर ते दोन्ही बिंदू एकच धरतं. कॉम्प्युटर एका आकड्याचे पंधरा-सोळा अंक सांभाळतो आणि पुढचे सोडून देतो. प्रत्येक गुणाकार-भागाकारात हे सुटलेलं थोडं थोडं साठत जातं. मग कुठेतरी कड जुळत नाही, फिलेट 'फेल' होतो, ग्राहकाची स्टेप फाइल (एका कॅडमधून दुसऱ्यात मॉडेल न्यायची) उघडली की सॉलिडच्या जागी फाटके सरफेस येतात, आणि तू चाकणमध्ये बसून सॉफ्टवेअरवाल्यांचा उद्धार करतेस. त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा हाच टॉलरन्सचा, म्हणजे किती फरक चालवून घ्यायचा याचा, घोळ असतो. बाबांचा सगळा जन्म मायक्रॉनमध्ये गेलाय. त्यांना हे अनेक एमबीएवाल्यांपेक्षा लवकर कळेल.

आणि हे नुसतं स्क्रीनवरचं नसतं. २३ ऑगस्ट १९९१ ला नॉर्वेत स्टॅव्हँगरजवळ स्लायप्नर ए या तेल प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया चाचणी चालू असतानाच समुद्रात बुडाला. नुकसान सुमारे ७० कोटी डॉलर्सचं. विश्लेषण नॅस्ट्रानवर केलेलं होतं, म्हणजे मुळात नासासाठी लिहिलेल्या, नावाजलेल्या प्रोग्रॅमवर. प्रोग्रॅमने दिलेलं गणित केलं होतं, पण दिलेली मेश (आकाराचे बारीक तुकडे पाडणारी जाळी) नको त्या जागी खडबडीत होती. तिथला शिअर स्ट्रेस (कातरणारा ताण) ४७ टक्के कमी आला, भिंती पातळ राहिल्या. दुसरं उदाहरण एअरबस ए३८० चं. हॅम्बुर्गवाले दासोच्या कॅटिया या कॅड सॉफ्टवेअरच्या चौथ्या आवृत्तीत काम करत होते आणि तुलूझवाले पाचव्या. एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर तारा, आणि प्रत्यक्ष बसवताना जुडगे पुरेनात. २००६ मध्ये कंपनीला उशिरामागून उशीर जाहीर करावा लागला. शेवटी पहिलं विमान ग्राहकाच्या ताब्यात गेलं ते ऑक्टोबर २००७ मध्ये. या दोन्ही गोष्टी नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात सांगायला हव्यात असं मला वाटतं. सांगत कुणी नाही, ओरिएंटेशनला कॅफेटेरिया दाखवतात.

तू इंजिनिअर राहशील का, याचं उत्तर इथेच आहे. राहशील. फक्त पार्ट दिसणार नाही, आणि ही उणीव मी मुद्दाम ठळकपणे सांगतेय, कारण चाकणहून येणाऱ्यांना ती फार बोचते. आज तू डिझाइन बदललंस की काही दिवसांत पहिला पीस हातात येतो. बर (कापलेल्या कडेवरची खरखरीत धार) कुठे आलाय, घडीला तडा गेलाय का, हे बोटाने चाचपता येतं. टूलरूमचा फोरमन तोंडावर सांगतो की मॅडम, हे होणार नाही. सॉफ्टवेअर कंपनीत तू पकडलेली चूक दुरुस्त होते, पुढच्या रिलीजमध्ये जाते, मोठे ग्राहक ती आवृत्ती आणखी वर्षा-दोन वर्षांनी बसवतात, आणि तिथल्या एखाद्या डिझायनरची संध्याकाळ वाया गेली नाही हे त्यालाही कळत नाही, तुलाही नाही. तक्रार मात्र त्याच दिवशी पोचते.

आता तिथला दिवस. सकाळी पोचलीस की आधी रात्रीच्या रिग्रेशनचा निकाल बघायचा. रोज रात्री नवा बिल्ड (सॉफ्टवेअरची ताजी आवृत्ती) तयार होतो आणि त्यावर जुन्या हजारो मॉडेल्सची चाचणी आपोआप चालते. काल जुळत होतं आणि आज जुळत नाही, अशा ओळी लाल दिसतात. त्यातल्या किती खऱ्या चुका, किती नुसते आकड्यातल्या शेवटच्या अंकाचे फरक, आणि कुठे आधीचंच उत्तर चुकीचं होतं नि आता बरोबर आलंय, हे निवडण्यात सकाळ जाते. मग स्टँड-अप, म्हणजे टीमची रोजची छोटी बैठक, नावाला पंधरा मिनिटं. दुपारी एखादी ग्राहकाची तक्रार घेऊन बसायचं. ग्राहक म्हणतो फ्लॅट पॅटर्न (घड्या उलगडलेला सपाट पत्रा) उघडत नाही, पण फाइल देत नाही, कारण ते त्याचं अजून बाजारात न आलेलं मॉडेल असतं. त्याने पाठवलेल्या दोन स्क्रीनशॉटवरून तसाच पार्ट स्वतः उभा करून ती चूक पुन्हा घडवून आणायची. हे कौशल्य आहे, आणि कुठल्याही कॉलेजात शिकवत नाहीत. एका चुकीमागे आठवडा गेला तरी कुणी भुवया उंचावत नाही. दुरुस्ती कधीकधी एकाच ओळीची असते.

एका नियमाने तू सुरुवातीला वैतागशील. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बनवलेलं मॉडेल आजही उघडलंच पाहिजे, आणि जसं होतं तसंच उघडलं पाहिजे. विमान तीस-तीस वर्षं उडतं, त्याची ड्रॉइंगं तोवर जिवंत लागतात. त्यामुळे जुन्या आवृत्तीतली चूक सापडली तरी ती सरसकट सुधारता येत नाही, कारण त्या चुकीच्या उत्तरावर कुणीतरी डाय (पत्र्याला आकार द्यायचा साचा) बनवून मोकळं झालेलं असतं. मग नव्या मॉडेलसाठी नवं गणित आणि जुन्यासाठी जुनं, अशी दोन्ही कोडमध्ये नांदतात. तुमच्याकडच्या इंजिनिअरिंग चेंज नोटची (डिझाइन बदलाच्या नोंदीची) ही थोरली बहीण समज.

मैत्रिणींचं म्हणणं आता घेते. क्वालिटीला टेस्टिंग म्हणून नाक मुरडायची पद्धत आयटीत आहे, आणि काही टीमबद्दल ते खरंही आहे. बटण दाबा, खिडकी उघडते का बघा, टिक करा. पण ते काम एआय यायच्या आधीच स्क्रिप्टांनी खाल्लंय. शीट मेटलच्या टीमने सी++ ही प्रोग्रॅमिंगची भाषा न येणाऱ्या बाईला चाकणमधून का बोलावलं असेल, याचा विचार केलास का? एक उदाहरण घे. २ मिमी पत्रा, आतली त्रिज्या ३ मिमी, काटकोनी घडी. के-फॅक्टर (वाकताना न ताणला जाणारा थर जाडीत कुठे आहे ते सांगणारा आकडा) ०.३३ ऐवजी ०.४४ धरला गेला तर उलगडलेल्या लांबीत एका घडीमागे साधारण ०.३५ मिमी फरक पडतो. चार घड्यांच्या ब्रॅकेटला तो १.४ मिमीच्या आसपास जातो. कधी प्रेस ब्रेक (पत्रा वाकवायचं मशीन) न पाहिलेला मुलगा फ्लॅट पॅटर्न स्क्रीनवर आला की 'पास' लिहील. तू आकडा बघशील आणि म्हणशील, या ब्लँकची भोकं जुळायची नाहीत. घडीच्या टोकाला रिलीफ (पत्रा फाटू नये म्हणून ठेवायची खाच) नाही, इथे पत्रा फाटेल, हेही तुलाच दिसेल. कंपनी पगार देते तो या नजरेचा. दोन उत्तरांत बरोबर कुठलं, हे सांगायला पत्रा वाकवलेला माणूस लागतो, आणि मशीन कितीही हुशार झालं तरी त्याचं उत्तर तपासायला कुणीतरी लागेलच.

डेव्हलपर म्हणून शिरायचा हट्ट नको. भूमिती आणि न्यूमेरिकल मेथड्सचं गणित पक्कं नसताना तिथे गेलीस तर तुझी पाच वर्षं शून्य धरतील आणि नुकत्याच कॉलेजातून आलेल्या मुलांच्या रांगेत बसवतील. वर्षभरात पायथन शीक, चाचण्या स्वतः लिहिण्याइतकं. सी++ वाचता आलं तरी पुरे. दोन-तीन वर्षांनी प्रॉडक्ट डेफिनिशनकडे जाता येतं, म्हणजे पुढच्या आवृत्तीत काय असावं हे ठरवणाऱ्या लोकांत. शॉप फ्लोअरवरून आलेली माणसं तिथे खरी शोभतात, आणि फारशी मिळत नाहीत.

आता ती पक्की करून घ्यायची गोष्ट. पुण्यातल्या या कंपन्यांमध्ये दोन प्रकारच्या टीम असतात. एका प्रकारात सॉफ्टवेअरचा एखादा भाग पूर्णपणे इथल्या टीमचा असतो. काय करायचं, कसं करायचं आणि कधी नाही म्हणायचं, हे इथे ठरतं. दुसऱ्या प्रकारात सगळं जर्मनीत, फ्रान्समध्ये नाहीतर अमेरिकेत ठरतं आणि इथे यादी येते. पगार सारखा, पाटी सारखी, कॉफी मशीनही सारखं. पण दुसऱ्या टीममध्ये तुझी नजर दोन वर्षांत बोथट होते, कारण तिचा उपयोग करायला कुणी सांगतच नाही. त्यामुळे शीट मेटल मोड्यूलची मालकी कुणाकडे आहे हे विचार. प्रॉडक्ट मॅनेजर कुठे बसतो तेही विचार. क्वालिटीवाल्याने "हे रिलीज करू नका" म्हटल्यावर रिलीज खरंच थांबली, असं गेल्या वर्षा-दोन वर्षांत कधी घडलं का, आणि घडलं तर काय होतं ते प्रकरण? या शेवटच्या प्रश्नावर मॅनेजर खुलून एखादी गोष्ट सांगू लागला तर निर्धास्त जा. "आमचं प्रोसेस खूप मॅच्युअर आहे" असं म्हणाला तर पगार आणखी वाढवून माग, निदान तेवढं तरी पदरात पडेल.

ग्राहकांना भेटायला मिळतं का, हेही काढून घे. वर्षातून एकदा पिंपरी-चाकण पट्ट्यातल्या एखाद्या कारखान्यात जाऊन लोक आपलं सॉफ्टवेअर कसं वापरतात ते बघायची मुभा असेल तर उत्तम. नसेल तर बाबांचं वर्कशॉप आहेच, आणि भोसरीत शेजारी एखादा पत्रा वाकवणारा मिळेलच. पाय तेवढा आत ठेव.

नोकरी टिकेल का हे तू विचारलं नाहीस, पण मनात असणार. हे काम पुण्यात रुजलं ते उगाच नाही. पिंपरीला टेल्को, आकुर्डीला बजाज, मुंढव्याला भारत फोर्ज, वेताळ टेकडीवर वाहनं तपासणारी एआरएआय, शिवाय सीओईपीपासून पुढे ढिगाने इंजिनिअरिंग कॉलेजं. पत्रा, कास्टिंग, गिअर समजणारी माणसं इथे आयती मिळत होती. गोदरेजच्या घरातून निघालेल्या जिओमेट्रिक या सॉफ्टवेअर कंपनीने २००२ मध्ये दासोबरोबर थ्रीडीपीएलएम ही कंपनी उभी केली, पुढे जिओमेट्रिक एचसीएलकडे गेली आणि थ्रीडीपीएलएम दासोकडे. या धंद्यात कंपन्या एकमेकींना गिळतच असतात. २०२५ मध्ये सीमेन्सने अल्टेअर घेतली, सिनॉप्सिसने ॲन्सिस घेतली. नोकरीत असेपर्यंत गळ्यातल्या कार्डावरचं नाव एकदा तरी बदलेल असं धरूनच चाल. विलीनीकरणानंतर एकाच प्रकारची दोन उत्पादनं झाली की एकाला हळूहळू पेन्शनीत काढतात, आणि त्या टीमची घालमेल होते. पण प्रोग्रॅम एका झटक्यात बंद होत नाहीत. ग्राहकांची सगळी ड्रॉइंगं त्यात अडकलेली असतात. आपल्याकडच्या सेवा देणाऱ्या आयटी कंपन्यांतली 'बेंच' (काम नसताना बसवून ठेवणं) ही भानगड इथे सहसा नसते, ते एक सुख.

बाकीचं भराभर सांगते. शनिवार सुटेल. जर्मनी-फ्रान्सशी काम असेल तर घड्याळ उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे, म्हणजे बैठका दुपारी. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याशी असेल तर साडेनऊ-साडेदहा तास, म्हणजे संध्याकाळ गेली. किती दिवस आणि किती वाजेपर्यंत, ते आधी विचार, आणि रात्री घरी सोडायची गाडी मिळते का तेही. कोड फ्रीजच्या (रिलीजसाठी कोड बदलणं थांबवायच्या तारखेच्या) आधीचे काही आठवडे सगळेच चिडचिडे असतात. मोशीहून हिंजवडी म्हणजे भूमकर चौक आणि वाकडचा पूल रोज नशिबी, पावसाळ्यात तर विचारूच नकोस. आठवड्यातून किती दिवस घरून काम, हे तोंडी ऐकून सोडू नकोस, ईमेलवर घे. आणि तिथे कुणालाही 'सर' म्हणत नाहीत, व्हाइस प्रेसिडेंटलाही नावाने हाक. पहिले दोन-तीन आठवडे तुझी जीभ अडखळेल, सगळ्यांचीच अडखळते.

परत येता येईल का? पहिली तीन-चार वर्षं सहज. त्यानंतर थेट डिझाइनच्या टेबलावर येणं अवघड होतं, कारण पगार जुळत नाही आणि समोरच्याला वाटतं हिला आता एसीची सवय झाली. पण मोठ्या वाहन कंपन्यांमध्ये कॅड आणि पीएलएम (उत्पादनाची सगळी माहिती ठेवणारी यंत्रणा) सांभाळणारे विभाग असतात. सॉफ्टवेअर आतून पाहिलेला आणि पत्राही कळणारा माणूस त्यांना हवाच असतो. तो रस्ता उघडा राहतो. चाकणची कंपनी सोडताना नोटीस पिरियड पूर्ण कर, हातातल्या पार्टची कागदपत्रं नीट लावून दे, आणि फोरमनचा नंबर जपून ठेव. पुढे अनेकदा लागेल.

सोमवारची घाई करू नकोस. उद्याच एचआरला फोन कर आणि सांग की निर्णयाआधी त्या टीमच्या मॅनेजरशी अर्धा तास बोलायचंय. ऑफर दिल्यावर उमेदवाराने एवढं मागितलं तर नाही म्हणत नाहीत. टाळाटाळ झालीच, तर माझं वरचं 'जा' मागे घेतलं असं समज.